संसदेतला एक दिवस: घंटा, बटणं आणि एका मताचा फरक

टीव्हीवर संसद लावली की घोषणा, फलक आणि 'बैठ जाइए, बैठ जाइए' एवढंच दिसतं, अशी आपली तक्रार. तक्रार खोटी नाही. पण गोंधळ ओसरला की आपण चॅनेल बदलतो आणि खरी गंमत नेमकी तिथून सुरू होते. कायदे-बियदे बाजूला ठेवा, लोकसभेच्या नुसत्या चालीरीती पाहिल्या तरी दिवस मजेत जाईल. चला तर, सकाळचे ११ वाजलेत.

नशिबात असेल तर प्रश्न

पहिला तास प्रश्नोत्तरांचा. रोजच्या यादीत २० तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि वर उपप्रश्न झेलायचे. अतारांकिताचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं की मंत्री सुटला. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरतं. अभ्यास कितीही असो, नशीबही लागतं.

आता हिशेब करा. ६० मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला तीन मिनिटं, उपप्रश्नांसकट. व्हायचं तेच होतं, मोजक्या प्रश्नांवर बारा वाजतात. २७ नोव्हेंबर २०१९ ला वीसच्या वीस प्रश्न पुरे झाले, तर त्याची चक्क बातमी झाली. उलटंही घडलंय. ३० नोव्हेंबर २००९ ला प्रश्न विचारणारेच इतके गैरहजर होते की तास संपायच्या आत प्रश्न संपले.

पण हा तास हलक्यात घेऊ नका. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, हा विषय १९५७ मध्ये सभागृहात निघाला आणि फिरोझ गांधींनी तो लावून धरला. ते बसायचे सत्ताधारी बाकांवर आणि नात्याने पंतप्रधानांचे जावई! चौकशीला नेमले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. मुंबईत उघड सुनावणी झाली, गर्दी इतकी की बाहेर लाउडस्पीकर लावले. अहवाल २४ दिवसांत हजर, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार. चौकशी आयोगांच्या मुदतवाढी मोजत बसलेल्यांनी तो २४ चा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

बारा वाजले

आता शून्य प्रहर. खासदारांची याच्यावर भारी भिस्त, पण लोकसभेच्या नियमांच्या पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. वहिवाटीने आला आणि मुक्काम ठोकून बसला. राज्यसभेने २०१४ मध्ये क्रमच उलटा केला: तिथे ११ ला शून्य प्रहर, १२ ला प्रश्नोत्तरं. 'लक्षवेधी' मात्र नियमात आहे, आणि ती अस्सल देशी. बाकी बरंच काही आपण लंडनहून उचललं, ही १९५४ मधली आपली स्वतःची भर.

बोला, पण जपून

जेवणानंतर चर्चा रंगते. भाषण चालू असताना वक्ता आणि अध्यक्ष यांच्या मधून जायचं नाही. कामाशी संबंध नसेल तर पुस्तक, वर्तमानपत्र वाचायचं नाही. अध्यक्षांच्या आसनासमोर, खाली, प्रतिवेदकांचं टेबल. प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांची. पाच मिनिटं टिपून घ्यायचं, उठायचं, दुसरा येऊन बसणार. सदस्य हौद्यात उतरून याच टेबलाभोवती घसा फोडत असतात आणि अहवालात त्या सगळ्याचं काय उरतं? '...(व्यवधान)'. बस्स. तासाभराचा कोलाहल कंसातल्या एका शब्दात मिटवायची ही कला आपल्या सोसायट्यांच्या सभांच्या इतिवृत्तकारांनी शिकून घ्यावी.

काही शब्द तर बोलले तरी कागदावर उमटत नाहीत. असंसदीय शब्दांची यादी असते आणि त्या यादीत एकदा एक मराठी खासदारच सापडले. नाशिकचे हेमंत गोडसे. नथुरामच्या संदर्भामुळे 'गोडसे' हा शब्द कित्येक दशकं वर्ज्य होता. आपलं आडनावच असंसदीय, हे कसं चालायचं, अशी त्यांची तक्रार. रास्तच होती. २०१५ मध्ये तो सोडवला अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी. निवडून आल्या आठ वेळा इंदूरहून, पण माहेर चिपळूणचं.

जुन्या सभागृहातली आणखी एक गंमत आसनक्रमांकांची. ४१९ नंतर यायचा ४१९-अ आणि मग थेट ४२१. मधला आकडा कुणाच्याही माथी मारायला नको, म्हणून ही शक्कल!

पिलू मोदींना मात्र कसलंच वावडं नव्हतं. सत्तरच्या दशकात उठसूट परकीय हाताचा आरोप व्हायचा, तेव्हा 'मी सीआयएचा एजंट आहे' असा बिल्ला लावून हा अगडबंब पारशी गृहस्थ संसदेत आला. पुण्याचे मधू लिमये निवडून यायचे बिहारमधल्या मुंगेर आणि बांकामधून आणि लढायचे नियमांच्या पुस्तकानिशी. आणि रामदास आठवल्यांच्या कवितांना दोन्ही बाजूंची बाकं हसतात, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

हसण्यावारी न नेण्यासारखा प्रसंगही मराठी माणसाच्याच नावावर आहे. मंत्र्याने राजीनामा दिला की अध्यक्षांच्या परवानगीने सभागृहात निवेदन करता येतं. जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडताना चिंतामणराव देशमुखांनी ते केलं, तेही नेहरूंच्या तोंडावर.

मतदान! सगळे आत या

खरा खेळ इथे. आधी आवाजी मतदान. 'हां'वाले ओरडतात, 'ना'वाले ओरडतात, अध्यक्ष कान देऊन निकाल सांगतात. तो मान्य नसेल तर मतविभागणी मागायची. मग घंटा. साडेतीन मिनिटं घणघणते. कॅन्टीन, ग्रंथालय, लॉबी, असेल तिथून पळत यायचं, कारण घंटा थांबली की दारं बंद.

आता जुन्या सभागृहातलं बटणांचं तंत्र जवळून बघा. पहिला टोला पडला की एका हाताने मतदान सुरू करायचं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने हिरवं, लाल किंवा पिवळं: होय, नाही, तटस्थ. दहा सेकंदांनी दुसरा टोला पडेपर्यंत हात उचलायचा नाही. म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. शेजारच्या रिकाम्या बाकाचं बटण दाबायला तिसरा आणायचा कुठून? हे यंत्र बसलं १९५७ मध्ये. तरी माणसं चुकतातच, म्हणून चिठ्ठ्या. त्यांचेही रंग तेच.

चिठ्ठ्यांनी किती फरक पडावा? १७ डिसेंबर २०२४. 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडू द्यायचं की नाही, एवढ्याच मुद्द्यावर मतविभागणी. नव्या इमारतीतलं यंत्रावरचं हे पहिलंच मतदान. फलकावर आकडे आले २२० विरुद्ध १४९. चिठ्ठ्या मोजून झाल्या तेव्हा २६९ विरुद्ध १९८! जवळजवळ शंभर मतं कागदावरून आली. इतका गाजावाजा केलेलं यंत्र आणि शेवटी भाव चिठ्ठीलाच.

आणि २६९ म्हटलं की जुन्या मंडळींना १७ एप्रिल १९९९ आठवलाच पाहिजे. जयललितांनी पाठिंबा काढलेला, वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव, विरोधी पक्षनेते शरद पवार. सभागृहात गिरिधर गमांग बसलेले. फेब्रुवारीतच ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडलेली नव्हती. त्यांनी मत द्यावं का? अध्यक्ष बालयोगींनी ते त्यांच्याच सदसद्विवेकावर सोपवलं. गमांगांनी विवेक स्मरून विरोधात मत दिलं. तिकडे नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा व्हीप झुगारून तेच केलं. बाजूने २६९, विरुद्ध २७०. सरकार पडलं. पंचवीस वर्षांनी तोच २६९ चा आकडा ७१ मतांच्या आघाडीने जिंकला. गणितात शेवटी समोरचा आकडाही बघावा लागतो. गमांगांचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं, सोझ यांचं फारसं नाही. हे मला कायम अन्यायाचं वाटत आलंय, फरक तर दोघांच्याही मताने पडला असता.

समसमान मतं पडली असती तर? अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच निर्णायक मत. फक्त एका प्रसंगी हे उलटं होतं: खुद्द अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला, तर ते पहिल्या फेरीतच मत देऊ शकतात, पण बरोबरी झाल्यावर मात्र नाही. असा पहिला ठराव आला डिसेंबर १९५४ मध्ये, पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्याविरुद्ध, आणि फेटाळला गेला. मावळंकरांना काठावरच्या मतांची सवय होतीच म्हणा. जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचं अध्यक्षपद त्यांनी ६६ विरुद्ध ६३ असं जिंकलं होतं.

अविश्वास, न झालेलं मतदान आणि एक मिठी

पहिला अविश्वास ठराव ऑगस्ट १९६३ मधला. आणला आचार्य कृपलानींनी, नेहरू सरकारवर. बाजूने ६२, विरुद्ध ३४७. इंदिरा गांधींनी असे १५ ठराव झेलले आणि एकही मतदान हरल्या नाहीत.

सर्वात परिणामकारक अविश्वास ठरावावर मात्र मतदानच झालं नाही, आणि तो होता यशवंतराव चव्हाणांचा. जुलै १९७९, चव्हाण विरोधी पक्षनेते, समोर मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात मुंबई राज्यात एकाच सरकारात बसलेली ही दोन माणसं. पक्ष फुटत चाललेला पाहून मोरारजींनी मतदानाआधीच, १५ जुलैला राजीनामा दिला. दोन आठवड्यांत चव्हाण उपपंतप्रधान! पण त्या सरकारचे पंतप्रधान चरणसिंग एकदाही लोकसभेला सामोरे गेले नाहीत. विश्वासमताच्या दिवशीच, २० ऑगस्टला, त्यांनीही राजीनामा दिला.

अलीकडचा गाजलेला दिवस २० जुलै २०१८ चा. राहुल गांधींनी भाषण संपवून पंतप्रधान मोदींना मिठी मारली, जागेवर येऊन डोळा मारला. ठराव पडला, १२६ विरुद्ध ३२५. लोकांना आकडे आठवत नाहीत, डोळा आठवतो.

४५४ विरुद्ध २ हा आकडा मात्र लक्षात राहिला असेल. २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षण, नव्या इमारतीतलं पहिलंच मोठं मतदान, तेही चिठ्ठ्यांवर. विरोधातल्या दोघांपैकी एक असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. नव्या इमारतीचं सागवानही आपल्या नागपूरचंच, बरं का.

कपात, एक रुपयावर

अर्थसंकल्पावर सरकारचा निषेध करायचा तर मागणी एक रुपयावर आणा, अशी कपात सूचना देता येते. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर, एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची कपात. या सूचना मंजूर होत नाहीत. झाल्या तर सरकारच गडगडेल. मुदत संपली की गिलोटिन: उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला. लाखो कोटी रुपये काही मिनिटांत 'हां' म्हणून मोकळे. मला विचाराल तर हौद्यातल्या घोषणांपेक्षा आपण या मिनिटांवर जास्त रागवायला हवं.

दंडाचंही एक ऐका. शपथ न घेता सभागृहात बसलात किंवा मत दिलंत, तर दिवसाला ५०० रुपये दंड. १९५० मध्ये राज्यघटनेत लिहिलेला आकडा, आजही ५०० च.

पहाटेचे चार

काही दिवस संपतच नाहीत. वक्फ विधेयकावर लोकसभेत २ एप्रिल २०२५ ला दुपारी सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदानाला आली, २८८ विरुद्ध २३२. दुसऱ्या दिवशी राज्यसभा ११ ला बसली आणि उठली पहाटे चार वाजून गेल्यावर, १७ तासांनी. १२८ विरुद्ध ९५. प्रतिवेदक अर्थातच शेवटपर्यंत जागे.

शुक्रवार मात्र वेगळा. त्या दिवशी दुपारी अडीच तास खासगी सदस्यांच्या विधेयकांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या कुणाही खासदाराने आणलेल्या. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. तरी खासदार आणत राहतात आणि सर्वात मोकळ्या मनाची भाषणं याच दुपारी ऐकायला मिळतात.

गॅलरीतून बघायचं असेल तर खासदाराच्या शिफारशीने पास निघतो, दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. दिल्ली फारच दूर वाटत असेल, तर संसदेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराचं नाव घाला: त्याने कोणत्या तारखेला काय विचारलं आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, सगळं फुकट वाचता येतं. पुढच्या वेळी तो मत मागायला दारात येईल, तेव्हा त्यातला एखादा प्रश्न त्यालाच विचारा.