वृक्क कर्करोगाचे हॉर्मोन-निर्देशक

वृक्क (मूत्रपिंड) उत्सर्जनाखेरीज हॉर्मोननिर्मितीचेही कार्य करते. तांबड्या रक्तकोशिकांच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोयटीन मुख्यत्वे त्यातच तयार होते. त्यामुळे या हॉर्मोनाच्या रक्तातील पातळीवरून वृक्काचा कर्करोग ओळखता येईल काय, याचा अभ्यास झाला आहे.

या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात बहुधा व्हीएचएल हे जनुक (शोध १९९३) निष्क्रिय झालेले असते. परिणामी ऑक्सिजन पुरेसा असूनही कोशिका त्याचा अभाव असल्याप्रमाणे वागतात आणि काही रुग्णांत एरिथ्रोपोयटीन वाढते. काही अर्बुदे परावटू हॉर्मोनासारखे प्रथिन स्रवतात व रक्तातील कॅल्शियम वाढवितात.

तथापि रक्तक्षयातही एरिथ्रोपोयटीन वाढते आणि या कर्करोगात रक्तक्षय वारंवार आढळतो. उलट, अनेक रुग्णांत हॉर्मोनांची पातळी प्राकृत (सर्वसाधारण) राहते. केवळ अशा चाचणीवर विसंबल्यास निरोगी व्यक्ती भयग्रस्त, तर रुग्ण निर्धास्त राहण्याचा धोका संभवतो. म्हणून निदान सीटी क्रमवीक्षण आणि आवश्यकतेनुसार ऊतकपरीक्षा यांवरच आधारतात. शस्त्रक्रियेनंतर उतरलेली पातळी पुन्हा वाढल्यास मात्र रोग उलटल्याची शंका घेऊन अधिक तपासणी करणे इष्ट ठरते.