गोणी भंगारात गेली, पुढं काय?



धुळे-सोलापूर महामार्गानं बीडहून गेवराईला जाताना ढाबे लागतात. त्यांच्या मागं गोण्या दिसतात: पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठे, तेलाचे रिकामे डबे. कचेऱ्यांमधून रद्दी निघते. भंगारवाल्याचा टेम्पो येतो, माल घेऊन जातो. आपल्याला वाटतं, झालं काम! पण खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

आधी होते निवड, तीही बहुतेक हातानंच. पांढरा कागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा, सगळं वेगळं करायचं. मग गठ्ठे बांधून माल कागद कारखान्यात जातो. तिथं कागद पाण्यात घुसळून लगदा करतात, पिना-चिकटपट्ट्या काढतात आणि नवा कागद किंवा पुठ्ठा बनवतात. कागदातला धागा दर वेळी आखूड होतो. त्यामुळं तो साधारण पाच-सात वेळाच कामी येतो. कालवणाचं तेल लागलेला कागद मात्र लगदा बिघडवतो, म्हणून तो बाद. चहाचा कागदी कपही बहुतेक ठिकाणी बादच, कारण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

पाण्याच्या बाटलीचे धुऊन तुकडे करतात, ते वितळवून धागा काढतात. त्याचं पॉलिस्टर कापड होतं. ॲल्युमिनियमचा डबा वितळवायला नवा धातू काढण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, म्हणून त्याला भाव चांगला. चिप्सच्या पाकिटाला मात्र सहसा कुणी हात लावत नाही. त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. काही पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, बाकी उकिरड्यावर.

आणि तळणाचं तेल? त्याचं बायोडिझेल होतं. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली योजना आणली. आपल्या गटाची खाणावळ असेल तर काळं पडलेलं तेल वड्याच्या गाड्याला विकू नका, तेच पुन्हा कुणाच्या तरी पोटात जाईल.

आता या निवड करणाऱ्या हातांबद्दल. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा वेचणाऱ्यांनी आपली कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुसंख्य बायाच. पुढं २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. त्यांचं म्हणणं साधं आहे: कचरा वेगळा करून द्या. चहा सांडलेल्या रद्दीला भाव येत नाही, आणि गोणीतली फुटकी काच वेचणारीचा हात कापते.

म्हणून एवढं करा. ओलं-सुकं वेगळं ठेवा, ओल्याचं खत करा. फुटकी काच आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. गटानं रद्दी विकताना प्रत्येक मालाचा भाव वेगळा विचारा आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्या.

आपण दोन मिनिटं जास्त दिली, तर कुणा बाईचा हात वाचतो आणि गटाच्या पेटीत चार पैसेही पडतात.