नळाचे पाणी आणि पट्टी

कराडशेजारी आपले मलकापूर. इथे चोवीस तास पाण्याची योजना. नळांना मीटर. पण पाणी आपोआप चढत नाही. पंप लागतो, वीज लागते, माणूस लागतो.

२०२० साली कोरोनाची साथ आली. २५ मार्चला सारा देश बंद झाला. नगरपरिषदेचे वर्ष ३१ मार्चला संपते. घरपट्टी-पाणीपट्टीची मोठी वसुली याच महिन्यात. नेमकी तीच अडली. कामधंदा बंद, लोक तरी कुठून भरणार? जमा आटली, खर्च वाढला. गल्लोगल्ली औषध फवारायचे. सफाई कामगारांना पगार द्यायचा. हात धुवायला पाणी तर हवेच!

आम्ही शाळेत जमाखर्च शिकवला. गावाचा हिशेबही तोच. अडचणीत पट्टी थकली, यात लाज नाही. पण हाताला काम लागले, की ती आधी भरावी. पुढच्या साथीत नळ त्यावरच चालेल.