सन्मान निधीच्या वसुलीची नोटीस आणि शेतकऱ्याचे कर्तव्य

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा प्रारंभ दि. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला व ती दि. १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आली. या योजनेनुसार पात्र शेतकरी कुटुंबास प्रतिवर्षी ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात देण्यात येतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली नमो शेतकरी महासन्मान निधी योजना सुरू करून याच लाभार्थींसाठी आणखी ६,००० रुपयांची जोड दिली. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यास सोयाबीनचे बियाणे अथवा खताची गोणी घेण्यास या रकमेचा हातभार लागतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे.

परंतु आरंभी नोंदणी मुख्यतः अर्जदाराच्या स्वयंघोषणेवर आधारलेली होती. पुढे आधार क्रमांक व आयकर खात्याची माहिती यांचा मेळ घालण्यात आला, तेव्हा नियमाप्रमाणे पात्र नसलेल्या अनेकांच्या खात्यांतही हप्ते जमा झाल्याचे आढळून आले. जुलै २०२१ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार देशात सुमारे ४२ लाख अपात्र व्यक्तींना जवळजवळ ३,००० कोटी रुपये पोहोचले होते. त्यांपैकी महाराष्ट्रातील रक्कम सुमारे ३५८ कोटी रुपये होती. ही रक्कम परत घेण्यासाठी तहसील कार्यालयांमार्फत नोटिसा देण्यात आल्या. अशी नोटीस हाती पडली म्हणजे कोणी घाबरून सावकाराकडे धाव घेतो, तर कोणी ती घडी करून पेटीत ठेवून देतो. या दोन्ही गोष्टी सारख्याच नुकसानकारक आहेत.

नोटिशीचा अर्थ

मराठवाड्यातील जुन्या पिढीस तगाई व तिची वसुली ठाऊक आहे. तगाई हे कर्ज होते व ते फेडणे प्राप्तच होते. सन्मान निधी हे कर्ज नव्हे. पात्र कुटुंबास मिळालेला हप्ता केव्हाही परत करावयाचा नसतो. अपात्र व्यक्तीस मिळालेला हप्ता मात्र शासनाचे येणे ठरतो. सबब, नोटीस आल्यावर पहिला प्रश्न ‘पैसे कोठून आणावे’ हा नसून ‘आपण खरोखर अपात्र आहोत काय, आणि कोणत्या काळापुरते’ हा आहे.

अपात्र कोण?

योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अज्ञान अपत्ये असा अर्थ घेतलेला आहे. या कुटुंबातील एकही व्यक्ती पुढील वर्गांत मोडत असल्यास संपूर्ण कुटुंब लाभास अपात्र ठरते :

(१) लगतच्या मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती.
(२) केंद्र व राज्य शासन, सार्वजनिक उपक्रम अथवा स्थानिक स्वराज्य संस्था यांचे आजी-माजी अधिकारी व नियमित कर्मचारी. चतुर्थ श्रेणी व बहुकार्य कर्मचारी यांना यातून वगळले आहे.
(३) दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती. येथेही चतुर्थ श्रेणीतील निवृत्त कर्मचाऱ्यांना सूट आहे.
(४) नोंदणीकृत व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद व सनदी लेखापाल.
(५) आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर व जिल्हा परिषद अध्यक्ष, तसेच घटनात्मक पदे भूषविणाऱ्या व्यक्ती. सरपंचपदाचा या यादीत समावेश नाही.

याखेरीज जमीनधारणेसाठी दि. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरविण्यात आली आहे. त्यानंतर खरेदीने नावावर आलेल्या जमिनीच्या आधारे नवा लाभ मिळत नाही; मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीचा मात्र अपवाद आहे. पती व पत्नी या दोघांच्या नावे सातबारा असला तरी कुटुंब एकच असल्यामुळे लाभही एकच मिळतो.

गैरसमज होण्याच्या जागा

उदगीर अथवा अहमदपूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचा सज्ञान मुलगा पुण्यास नोकरीस असतो व आयकर भरतो. जमीन वडिलांच्या नावे असल्यास केवळ मुलाच्या करामुळे वडील अपात्र ठरत नाहीत, कारण सज्ञान मुलाची गणना वडिलांच्या कुटुंबात होत नाही. याउलट, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत नियमित शिक्षिका असेल व जमीन पतीच्या नावे असेल, तर ‘नोकरी पत्नीची आणि शेती माझी’ हा युक्तिवाद टिकत नाही. येथे रक्कम परत करणेच प्राप्त आहे.

दुसरा गैरसमज आयकराविषयीचा आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे. तथापि बँकेतून कर्ज मिळण्याच्या सोयीसाठी पुष्कळजण आयकराचे विवरणपत्र भरतात. विवरणपत्र भरणे व कर भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ठेवीच्या व्याजातून कर कापला गेला असेल व तो पुढे पूर्णपणे परत मिळाला असेल, तर त्या वर्षाचे विवरणपत्र व परताव्याचा पुरावा जोडून तसा लेखी खुलासा करावा.

तिसरी बाब वर्षांच्या हिशेबाची आहे. मुखेड तालुक्यातील एखादा तरुण काही काळ कंपनीत नोकरी करून गावी परतला, असे समजू. नोकरीच्या काळात त्याने एका करनिर्धारण वर्षात कर भरला, परंतु नोटिशीत नऊ हप्त्यांचे १८,००० रुपये मागितले आहेत. अशा वेळी प्रत्येक हप्ता कोणत्या वर्षाच्या व कोणत्या कारणाच्या आधारे मागितला आहे, हे त्याने लेखी विचारावे. नियमाची भाषा लगतच्या मागील वर्षाची आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

वर्षांचा हिशेब चुकल्यास केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथे शासकीय साहाय्य घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न सर्व पंधरवड्यांवर सरासरीने वाटून यंत्राद्वारे वसुलीच्या मागण्या काढण्यात आल्या. ही पद्धत बेकायदा असल्याचे २०१९ साली न्यायालयात मान्य करावे लागले आणि २०२० साली सुमारे ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लोकांना परत करण्याचा निर्णय झाला. यंत्राने काढलेली मागणी बहुधा बरोबर असली, तरी ती तपासून पाहण्याचा हक्क नागरिकास असतो, हाच यातील बोध होय.

नोटीस आल्यावर करावयाच्या गोष्टी

प्रथम नोटीस मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी व उत्तराची मुदत पाहावी. नंतर बँक पासबुकात नोंदी करून घेऊन प्रत्यक्ष जमा झालेले हप्ते मोजावेत. नोटिशीतील हप्त्यांची संख्या व पासबुकातील नोंदी जुळत नसल्यास तेवढाच मुद्दा लेखी कळविण्यास पुरेसा आहे. राज्याच्या नमो योजनेचे हप्ते मागणीत धरले आहेत किंवा नाहीत, हेही पाहावे.

मागणी चुकीची वाटल्यास मुदतीच्या आत तहसील कार्यालयास लेखी अर्ज द्यावा. अर्जात नोंदणी क्रमांक, गट क्रमांक, अपात्रतेचे दर्शविलेले कारण व त्यावरील आपले म्हणणे थोडक्यात लिहावे. सातबारा, आठ-अ, पासबुकाची प्रत व संबंधित पुरावा जोडावा. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. तोंडी सांगितलेले कोठेही नोंदले जात नाही. कारणाचा उलगडा होत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून कागदपत्रांच्या प्रती मागता येतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळू शकते.

मागणी योग्य असल्यास रक्कम विनाविलंब परत करावी. योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन परताव्याची सोय आहे. तहसील कार्यालयात भरणा केल्यास पावती अवश्य घ्यावी. पूर्वी भरणा केला असल्यास त्याची नोंद झाल्याची खात्री करावी, म्हणजे दुसऱ्यांदा मागणी येणार नाही. एकरकमी भरणे शक्य नसल्यास मुदत मागणारा अर्ज करावा. त्याचा निर्णय कार्यालयाच्या अधीन राहतो. अपात्रता अद्याप चालू असल्यास संकेतस्थळावरून लाभ स्वेच्छेने सोडून द्यावा, अन्यथा येणे वाढतच जाते. खातेदाराच्या मृत्यूनंतर हप्ते जमा झाले असल्यास वारसांनी मृत्यूचा दाखला देऊन तसे कळवावे आणि फेरफार करून घ्यावा.

दोन सावधगिरीच्या सूचना

हप्ता थांबणे व वसुलीची नोटीस येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ई-केवायसी, आधार जोडणी अथवा भूमिअभिलेखाची नोंद अपुरी राहिल्यास हप्ता थांबतो. तेवढ्यावरून काही परत करावयाचे नसते.

तसेच वसुलीच्या भीतीचा लाभ उठवून मोबाइलवर बनावट दुवे व ॲप पाठविले जातात. कोणताही अधिकारी दूरध्वनीवरून ओटीपी विचारीत नाही. कोणाच्या खासगी खात्यात रक्कम भरू नये. शंका आल्यास योजनेच्या १५५२६१ या क्रमांकावर किंवा प्रत्यक्ष तहसील अथवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

जे आपले नाही ते परत करणे यात कमीपणा नाही. आणि जे आपल्या हक्काचे आहे ते केवळ भीतीपोटी परत करण्याचेही कारण नाही. या दोहोंतील भेद कागदपत्रांवरून ठरतो. यास्तव शेतकरी बंधुभगिनींनी पासबुक, सातबारा, भरण्याच्या पावत्या व शिक्का घेतलेल्या अर्जांच्या प्रती एकत्र जपून ठेवणे अगत्याचे आहे.