पुलावर पाणी किती?

लासूर स्टेशनवर उतरलेल्या प्रवाशाला रेल्वेची वेळ १३९ क्रमांकावर कळते. पण शिवना नदीला पूर आला असेल, तर पुढच्या रस्त्याचे त्याने कुणाला विचारावे? अमेरिकेत रस्त्यांच्या माहितीसाठी २००० साली ५११ हा क्रमांक राखून ठेवला गेला. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे. खेड्याकडे जाणारी वाट मात्र महामार्गाची नसते.

अशी सेवा तालुक्याच्या गावीही उभी राहू शकते. निरोप मुद्रित करणे आणि फोन आला की तो ऐकवणे, हे काम सोपे. अवघड आहे ते खबर मिळवणे. हवामान खाते जिल्ह्याचा अंदाज देते. पुलावर पाणी किती चढले, हे गावचा कोतवालच सांगू शकेल. म्हणून प्रत्येक पुलासाठी एक माणूस नेमावा. पावसात त्याने दर तासाला कळवावे. निरोपात वेळ सांगावीच: ‘सकाळी आठ वाजता पूल बंद.’ खबर आली नसेल, तर तसेच स्पष्ट ऐकवावे. दोन फूट वाहते पाणी मोटारही ओढून नेते. तिथे कालची खबर आजची म्हणून देणे वाटसरूच्या जिवावर बेतेल.