चपळ कुत्र्याची तालीम

मुधोळ या नावाने ज्याचे चित्र 2005 साली भारतीय टपाल तिकिटावर झळकले, तो दख्खनच्या माळरानांचा कारवान कुत्रा मूलतः सशामागे धावण्यासाठीच जोपासला गेला असल्यामुळे, भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी त्याला दिवसभर साखळीने जखडावे आणि सायंकाळी त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करावी, हे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. उन्हे चढण्यापूर्वी त्याला मनसोक्त धावू द्यावे. तालीम त्यानंतर, आणि तीही पाच-दहा मिनिटांचीच. ‘बस’ हा हुकूम एकदाच, स्पष्ट उच्चारावा. बूड जमिनीला टेकताक्षणी बक्षीस तोंडाशी पोहोचले पाहिजे, कारण विलंब झाल्यास इनाम बसण्याचे की पुन्हा उठण्याचे, याचा उलगडा त्या मुक्या जीवास होत नाही. भूम तालुका खव्याचा खरा, परंतु पेढा कुत्र्याला देऊ नये. उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. हुकूम अंगवळणी पडला की कधी तुकडा द्यावा, कधी नुसती शाबासकी. अशा अनिश्चित बक्षिसाने सवय अधिक टिकते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखविले आहे. मात्र घरात शिरस्ता एकच हवा: अंगावर उडी घेतल्यास आजोबांनी पाठ फिरवावी आणि नातवाने कुरवाळावे, तर कुत्रा नातवाचाच कायदा मानणार.