सालीतील औषधाचा शोध

तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे होतो. तेथून तापीच्या ओघाबरोबर पश्चिमेकडे जात राहिले, म्हणजे खानदेशच्या दुसऱ्या टोकास नंदुरबारचा मुलूख लागतो. नंदुरबार येथे १९२५ साली मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले. तेथे इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९६२ साली ते उत्तर कॅरोलिना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. एका रानवृक्षाच्या सालीतून कर्करोगावरील मोलाचे औषध शोधून काढण्याचे श्रेय या दोघांकडे जाते.

त्या वृक्षाचे नाव यू. हा सूचिपर्णी, सदाहरित आणि अतिशय सावकाश वाढणारा वृक्ष आहे. त्याच्या निरनिराळ्या जाती युरोपात, अमेरिकेत आणि आपल्या हिमालयातही आढळतात. गढवालातील लोक त्याला थुनेर म्हणतात. त्याची पाने व बिया विषारी असतात. १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कर्करोगावरील औषधासाठी हजारो वनस्पती तपासण्याचे काम हाती घेतले. त्या कामासाठी १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून पॅसिफिक यू वृक्षाची साल गोळा केली. सालीचा अर्क कर्करोगाच्या पेशींचा नाश करतो, असे १९६४ साली दिसून आले. परंतु अर्क म्हणजे औषध नव्हे. अर्कात अनेक द्रव्ये एकत्र मिसळलेली असतात. त्यांतील नेमके गुणकारी द्रव्य कोणते, हा प्रश्न वॉल आणि वाणी यांच्यापुढे होता.

हे द्रव्य वेगळे कसे करावयाचे? स्वयंपाकघरातील एक साधी गोष्ट पाहा. हळद पाण्यात ढवळली, तर तिचा बराचसा भाग तळाशी बसतो. पण फोडणीच्या तेलात टाकताच तेल पिवळेधमक होते. हळदीतील रंगद्रव्य पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळते. रसायनशास्त्रज्ञ याच गुणाचा उपयोग करतात. प्रथम साल मद्यार्कात भिजवून तिचा अर्क काढला. तो आटवून पाणी आणि क्लोरोफॉर्म यांच्याबरोबर घुसळला. हे दोन द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांचे दोन थर होतात, आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या स्वभावाप्रमाणे एका थरात जाते. मग प्रत्येक भागाची कर्करोगावर परीक्षा घ्यावयाची, जो भाग गुणकारी ठरेल तो ठेवावयाचा, आणि त्याचे पुन्हा भाग पाडावयाचे. असे करीत करीत सुमारे १२ किलो वाळलेल्या सालीतून व लाकडातून अवघा अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ हाती आला. म्हणजे चोवीस हजार भागांत एक भाग! या पदार्थास त्यांनी टॅक्सॉल असे नाव दिले.

पदार्थ मिळाला, आता त्याची रचना जाणून घ्यावयाची होती. टॅक्सॉलच्या एका रेणूत कार्बनचे ४७, हायड्रोजनचे ५१, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे १४, असे एकूण ११३ अणू असतात. ते कसे जोडलेले आहेत, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने कळू शकते. पण त्यासाठी चांगले स्फटिक लागतात, आणि टॅक्सॉलचे तसे स्फटिक मिळेनात. तेव्हा त्यांनी रेणूचे हळुवारपणे दोन भाग केले, प्रत्येक भागापासून स्फटिक तयार केले आणि त्यांच्या रचनेवरून मूळ रेणूचे चित्र जुळविले. १९७१ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी या द्रव्याचे कार्य उलगडून दाखविले. पेशीचे विभाजन होताना तिच्यात सूक्ष्म नलिकांची परांची उभारली जाते आणि काम होताच मोडली जाते. टॅक्सॉल ही परांची मोडूच देत नाही. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ खुंटते. १९९२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत हे औषध बीजकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

परंतु या यशातूनच एक संकट उभे राहिले. साल सोलली की वृक्ष मरतो, आणि एक किलो औषधासाठी हजारो वृक्षांची साल लागे. रोगी वाचवावा की अरण्य? या पेचातून सुटका केली ती रेणूच्या रचनेच्या ज्ञानाने. फ्रान्समध्ये प्येर पोत्ये यांच्या सहकाऱ्यांना युरोपातील यूच्या पानांत टॅक्सॉलच्या मोठ्या भागाशी जुळणारे एक द्रव्य विपुल सापडले. उरलेला भाग त्यास जोडला की टॅक्सॉल तयार होते. ही जोडणी सुलभ करण्याची रीत अमेरिकेतील रॉबर्ट हॉल्टन यांनी शोधली. पाने तोडली तरी पुन्हा फुटतात. वृक्ष जिवंत राहतो. मूळ रेणू कसा आहे हे ठाऊक नसते, तर पानांतील या द्रव्याचे मोल कोणास कळले असते?

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली चीनमधील एका वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले होते. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असल्याचे १९७२ साली आढळले, आणि त्यापायी नरक्याची तोड झाली. हिमालयातील थुनेरावरही असाच प्रसंग ओढवला. म्हणून १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

डॉ. वाणी २०२० साली, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी शोधलेल्या औषधाने असंख्य रोग्यांचे आयुष्य वाढविले आहे. झाडातून द्रव्य काढून घेणे, हे या विद्येचे अर्धे अंग होय. त्या द्रव्याला पुरते ओळखणे, हे तिचे दुसरे अंग. आणि रोग्याबरोबर झाडही वाचते, ते या दुसऱ्या अंगामुळे.